कच्ची संहिता, पक्का प्रयोग

'अर्थशॉक' ही 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेतली चार भागांची गोष्ट. मार्च १९८२ मध्ये ८, ९, १५ आणि १६ तारखेला बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर तिचे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे भाग दाखवले गेले आणि दर भागाला नव्वद लाखांच्या आसपास प्रेक्षक मिळाले. लेखन एरिक सेवर्ड यांचं, दिग्दर्शन पीटर ग्रिमवेड यांचं. मालिकेच्या चाहत्यांत या गोष्टीचं नाव आजही कौतुकाने घेतलं जातं. मात्र तिची पटकथा नुसती वाचली, तर हाती फार थोडं लागतं. कथानक योगायोगांवर उभं आहे, निम्म्या पात्रांना मरण्यापुरती नावं मिळाली आहेत आणि त्यातले तर्क पाच मिनिटं विचार केला की उसवतात. एवढ्या कच्च्या संहितेचा प्रयोग इतका रंगला तो दिग्दर्शक आणि नटसंचामुळे. तो कसा, हे कळायला त्या काळी अशी मालिका कशी बसवली जायची, तेही पाहावं लागतं.

'डॉक्टर हू' १९६३ साली सुरू झाली. तिचा नायक डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी. टार्डिस हे त्याचं यान बाहेरून ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या जुन्या निळ्या पोलीस-पेटीसारखं दिसतं, आत मात्र ऐसपैस आहे. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर पालटतं. म्हणजे व्यवहारात, नट बदलण्याची सोय गोष्टीतच करून ठेवलेली आहे. सात वर्षं ही भूमिका गाजवून टॉम बेकर १९८१ च्या मार्चमध्ये बाहेर पडले आणि तिशीच्या उंबरठ्यावरचे पीटर डेव्हिसन आले. तोवरच्या साऱ्या डॉक्टरांत ते वयाने सर्वांत लहान. गुरांच्या डॉक्टरांवरच्या 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' या मालिकेतला खट्याळ धाकटा भाऊ म्हणून प्रेक्षक त्यांना ओळखत. 'अर्थशॉक' त्यांच्या पहिल्याच हंगामातली. याच हंगामात मालिका शनिवार संध्याकाळची जुनी जागा सोडून आठवड्यातून दोनदा, कामाच्या दिवशी दिसू लागली होती.

गोष्ट घडते इसवी सन २५२६ मध्ये. पृथ्वीवरच्या एका गुहेत जीवाश्म शोधायला गेलेल्या पथकातले बहुतेक जण मारले गेले आहेत. वाचलेली प्राध्यापिका काइल सैनिकांची तुकडी घेऊन तिथे परतते. गुहेत दोन काळे यंत्रमानव एका बॉम्बची राखण करत आहेत आणि त्यांच्या डोळ्यांनी दुरून कुणीतरी पाहतं आहे. डॉक्टर आणि त्याचे तीन तरुण सोबती तिथे येऊन पडतात, बॉम्ब निकामी करतात आणि त्याला आज्ञा देणाऱ्या लहरींचा माग काढत पृथ्वीकडे निघालेल्या एका मालवाहू अंतराळजहाजावर पोचतात. जहाजाच्या पोटात सायबरमनांची फौज दडलेली असते. त्यांच्याविरुद्ध युती करण्यासाठी पृथ्वीवर मोठी परिषद भरणार आहे. ती उधळायला बॉम्ब कामी आला नाही, म्हणून आता जहाजच पृथ्वीवर आदळवायचं ठरतं. डॉक्टरचा सोबती एड्रिक हा गणितात हुशार असलेला मुलगा जहाजाच्या नियंत्रणाला लावलेली गणिती कुलुपं सोडवायला मागे थांबतो. त्या खटपटीत जहाज साडेसहा कोटी वर्षं मागे जातं आणि आदळतं. त्या आघाताने डायनोसॉर नाहीसे होतात. एड्रिक मरतो.

सायबरमन ही मालिकेतली जुनी खलजात. वैद्यकीय संशोधक किट पेडलर आणि लेखक गेरी डेव्हिस यांनी १९६६ साली ती उभी केली. एकेक अवयव काढून त्या जागी यंत्र बसवत गेलेली, अखेर भावनाही काढून टाकलेली माणसं, ही तिची कल्पना. १९७५ नंतर ती पडद्यावर एखाद्या क्षणापलीकडे आलीच नव्हती.

आता या कथानकाच्या फटी. पृथ्वी उद्ध्वस्त करायला बॉम्ब आहे, तर जहाजात एवढी फौज कशासाठी, याचं उत्तर घाईघाईत उरकलं जातं. जहाजाच्या यंत्रणेवर परकं यंत्र बसवलं आणि कुलूप सोडवताना त्यात गडबड झाली, की जहाज काळात मागे का जावं? आणि जावं तर नेमकं डायनोसॉर संपले त्याच क्षणी? सायबरमनांना भावना नाहीत, असं गोष्ट बजावून सांगते. त्यांचा सेनापती मात्र पुन्हा पुन्हा विजयाचा आनंद लुटतो, खुनशीपणे टोमणे मारतो. जहाजावरचा फितूर अधिकारी रिंगवे फितूर का झाला, ते एका वाक्यात उरकलं आहे. सैनिकांपैकी कुणाला घर नाही, भूतकाळ नाही. डॉक्टरच्या सोबत्यांतली निसा जवळजवळ सगळी गोष्ट टार्डिसमध्ये बसून काढते, कारण तीन सोबत्यांना एकाच वेळी काम पुरवणं लेखकाला जमलेलं नाही. सेवर्ड तेव्हा मालिकेत नवे होते. त्यांची पहिली गोष्ट 'द व्हिजिटेशन' त्याच हंगामातली. त्यानंतर ते पटकथा-संपादक झाले. स्वतःच्या पटकथेवर स्वतःचं नाव संपादक म्हणून लागू नये, यासाठी 'अर्थशॉक'च्या श्रेयनामावलीत अँटनी रूट यांचं नाव आहे.

या फटी असूनही पहिल्यांदा पाहताना त्या जाणवत नाहीत. त्याचं मोठं श्रेय दिग्दर्शकाचं.

तेव्हाची बीबीसीची मालिका सिनेमापेक्षा नाटकाला जवळची होती. नट आधी पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनच्या तालीम-इमारतीत जमत. तिथे जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून भिंती आणि दारं दाखवलेली असत. पट्टी म्हणजे भिंत असं समजूनच तालीम चालायची. मग टेलिव्हिजन सेंटरच्या स्टुडिओत ठरावीक दिवस मिळत. स्टुडिओत चार-पाच कॅमेरे एकाच वेळी चालू असत. दिग्दर्शक वरच्या नियंत्रणकक्षात पडद्यांपुढे बसून कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा घ्यायचा ते सांगे आणि दृश्य जवळजवळ सलग चित्रित होई. रात्री दहाला स्टुडिओतले दिवे जात. दृश्य अर्धवट राहिलं तर राहिलं. मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव-गुंड्याभाऊ' पाहिलेल्या मराठी प्रेक्षकांना या पद्धतीची छाप ओळखीची वाटेल: सेटच्या तीन भिंती, सगळीकडे सारखा पडलेला उजेड आणि वाक्य संपलं की दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जाणारा कॅमेरा. विनोदी कौटुंबिक मालिकेला ही पद्धत छान मानवते. अंधाऱ्या गुहेतल्या पाठलागाला ती मारक ठरते.

ग्रिमवेड यांना ही यंत्रणा आतून माहीत होती. दिग्दर्शक होण्याआधी ते याच मालिकेत निर्मिती-साहाय्यक होते. १९७७ च्या 'द रोबॉट्स ऑफ डेथ' या गोष्टीत यंत्रमानवांच्या भीतीमुळे होणाऱ्या एका मनोविकाराला 'ग्रिमवेड सिंड्रोम' असं नाव आहे, ती त्यांचीच केलेली थट्टा. दिग्दर्शक म्हणून त्यांनी १९८० ची 'फुल सर्कल' केली. एड्रिक पहिल्यांदा दिसला तो याच गोष्टीत. पुढे बेकर यांना निरोप देणारी 'लोगोपोलिस' आणि मग 'किंडा'. म्हणजे एड्रिकला मालिकेत आणणारा आणि त्याला मारणारा दिग्दर्शक एकच.

'अर्थशॉक'मध्ये त्यांनी स्टुडिओच्या सवयी मोडल्या. गुहेबाहेरचा भाग हर्टफर्डशायरमधल्या एका खाणीत फिल्मवर चित्रित झाला. आतली गुहा मात्र स्टुडिओत बांधली होती. बाहेरून आत जाताना चित्राचा पोत बदलतो, हा त्या काळच्या मालिकांचा नेहमीचा दोष. इथे तो खुपत नाही, कारण आत दिवे फार कमी आहेत. सैनिकांच्या हातातल्या विजेऱ्या आणि शिरस्त्राणांवरचे दिवे कॅमेऱ्याच्या भिंगात घुसतात, भिंती अर्धवटच दिसतात आणि फायबरचे खडक खरे वाटू लागतात. दृश्यं तुटक आहेत. एखादं वाक्य पुरं होण्याआधीच कॅमेरा पुढे सरकतो, बोलणारा दिसत नसताना ऐकणारा दिसतो. रात्री दहाच्या घड्याळाखाली इतके तुकडे जमवायचे, तर तालमीतच प्रत्येक हालचाल पक्की बसवावी लागते.

पहिल्या भागातलं एक दृश्य सगळ्या गोष्टीचा वस्तुपाठ म्हणून पाहण्यासारखं आहे. सैनिकांची तुकडी खाली गुहेत आहे. वर खाणीत वॉल्टर्स नावाचा सैनिक एका पडद्यासमोर बसला आहे. पडद्यावर खालच्या प्रत्येक माणसाचा एकेक ठिपका. यंत्रमानव सजीव नसल्यामुळे त्यांचा ठिपका उमटत नाही. मग एक ठिपका विझतो. थोड्या वेळाने दुसरा. पटकथेत या प्रसंगाला जेमतेम चार ओळी असतील, आणि पैशाच्या दृष्टीने तर तो फुकटच पडला असणार, कारण मरणारा माणूस दाखवायचाच नाही. ग्रिमवेड ठिपक्यांवर थांबतात, मग वॉल्टर्सच्या चेहऱ्यावर, मग परत ठिपक्यांवर. खाली काय आहे, हे त्याला कळत नाही आणि प्रेक्षकालाही. गुहेत दिसतं ते फक्त जमिनीवर उरलेलं चिकट थारोळं. मरणाऱ्या सैनिकांची नावं पुढच्या भागापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण तो विझणारा ठिपका राहतो. पात्रं पातळ आहेत, हे दिग्दर्शकाने जणू आधीच मान्य केलं होतं. त्यांच्याविषयी माया वाटायला लावण्याच्या फंदात न पडता त्याने भीती वाटायला लावली.

याच भागाच्या शेवटी यंत्रमानवांच्या डोळ्यांनी पाहणारे कोण, ते उघड होतं: पडद्यासमोर उभे तीन चंदेरी सायबरमन. हा धक्का त्या रात्री खरोखरच धक्का ठरला, आणि त्यात निर्मात्याचा वाटा मोठा होता. 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाने सायबरमन परतत असल्याबद्दल मुखपृष्ठ देऊ केलं होतं. ब्रिटनमध्ये घरोघरी जाणाऱ्या या अंकाचं मुखपृष्ठ म्हणजे फुकटची प्रचंड जाहिरात. निर्माते जॉन नेथन-टर्नर यांनी ती नाकारली. चित्रीकरण चालू असताना स्टुडिओतली पाहुण्यांची गॅलरीही बंद ठेवली. लेखकाने लिहिलेला प्रसंग असा की त्याची बातमी आधी फुटली असती, तर त्यात काहीच उरलं नसतं. निर्मात्याच्या त्या निर्णयानेच तो पहिल्या भागाचा कळस झाला.

सायबरमनांचा वेशही नवा होता. वैमानिकांच्या सुटांवरून तयार केलेले चंदेरी पोशाख, आणि शिरस्त्राणाच्या हनुवटीला पारदर्शक प्लास्टिक, त्यातून आतल्या नटाचा जबडा हलताना अंधुक दिसतो. माणसाचं उरलंसुरलं शरीर यंत्राच्या आत आहे, ही मूळ कल्पना एका प्लास्टिकच्या तुकड्याने जितकी पोचते, तितकी सेनापतीच्या लांबलचक भाषणांनी पोचत नाही. फौज मात्र हजारोंची असल्याचं संवादांत सांगितलं जातं आणि स्टुडिओत पोशाख मोजके. ग्रिमवेड यांनी त्यांनाच पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यापुढून चालवलं. कधी बुटांच्या पातळीवरून, कधी खालून वर पाहत, कधी धुरातून. माल्कम क्लार्क यांचं संगीत याला साथ देतं: बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये बनवलेला, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठेका. डोळ्यांना आठ माणसं दिसतात, कानांना पलटण ऐकू येते.

दिग्दर्शकाने वेग दिला. वजन दिलं नटांनी.

डेव्हिसन यांच्या वाट्याला आलेले संवाद बहुतेक माहिती देणारे आहेत. हा बॉम्ब कसा चालतो, या लहरी कुठून येतात, सायबरमन कोण. अशी वाक्यं नट दोन प्रकारे म्हणू शकतो: व्याख्यान दिल्यासारखी, किंवा काहीतरी करता करता तोंडून निसटल्यासारखी. डेव्हिसन दुसरी वाट धरतात. त्यांचा डॉक्टर सतत धापा टाकतो, वाक्य अर्धं सोडून वळतो, हातांनी काहीतरी उचकत राहतो. बेकर यांचा डॉक्टर संकटापुढे हसायचा. प्रेक्षकाला खात्री असे की हा सुटणार. डेव्हिसनच्या डॉक्टरला स्वतःचीच खात्री नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणूनच फुटकळ धोकाही मोठा वाटतो. सुरुवातीला एड्रिकशी त्यांचं भांडण होतं. मुलाला आपल्या विश्वात परत जायचं आहे, डॉक्टर ऐकत नाही. लिहिलेलं भांडण पोरकट आहे, पण डेव्हिसन ते थकलेल्या मोठ्या भावासारखं भांडतात, दार आपटून बाहेर पडतात आणि मागाहून ओशाळतात. शेवटच्या भागातला घाव लागतो तो या ओशाळण्यामुळे.

सेनापतीशी डॉक्टरचा जो वाद होतो, तोही असाच. भावना असणं ही दुबळेपणाची खूण, असं सेनापती म्हणतो. डॉक्टर उत्तरादाखल फुलाचा वास, सूर्यास्त, नीट रांधलेलं जेवण अशा साध्या सुखांची नावं घेतो. विज्ञानकथांत हा युक्तिवाद शेकडो वेळा येऊन गेला आहे. इथे तो टिकतो, कारण डेव्हिसन तो जिंकायला म्हणत नाहीत. समोरच्याला हे कळणारच नाही, हे जाणून, काहीशा हताशपणे म्हणतात. आणि समोर डेव्हिड बँक्स आहेत. चेहरा पूर्ण झाकलेला, म्हणजे नटाकडे फक्त आवाज, खांदे आणि एक मूठ उरते. पूर्वीचे सायबरमन यंत्राच्या चिरक्या सुरात बोलत. बँक्स यांनी भरदार, सावकाश, छातीतून येणारा आवाज लावला. विजय दृष्टिपथात आला की त्यांचा सेनापती 'एक्सलंट' एवढंच म्हणतो आणि मूठ आवळतो. भावनाहीन प्राण्याला हे शोभत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रेक्षक आक्षेप घ्यायचा विसरतो. बँक्स यांनी ही भूमिका पुढे १९८८ पर्यंत आणखी तीन गोष्टींत केली, यावरून निर्मात्यांनाही ती किती पटली होती ते दिसतं.

सर्वांत वादाचं पात्र जहाजाच्या कप्तान ब्रिग्ज यांचं, आणि ते साकारलं बेरिल रीड यांनी. त्या ब्रिटनमध्ये विनोदी अभिनेत्री म्हणून घरोघरी ठाऊक होत्या. 'द किलिंग ऑफ सिस्टर जॉर्ज' या नाटकासाठी १९६७ मध्ये त्यांना अमेरिकेतला टोनी पुरस्कार मिळाला होता, आणि १९७९ च्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या मालिकेत म्हाताऱ्या हेर-संशोधिकेच्या छोट्या भूमिकेत त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं होतं. साठी उलटलेली ही बाई लालभडक केस आणि चामड्याचं जाकीट घालून अंतराळजहाज चालवताना पाहून तेव्हाही अनेकांनी नाकं मुरडली, आजही मुरडतात. संहितेत ब्रिग्जबद्दल सांगण्यासारखं एकच आहे: माल वेळेवर पोचवला तर मिळणाऱ्या बोनसची तिला चिंता आहे. रीड यांनी त्या एका गोष्टीवर सगळी भूमिका उभी केली. त्यांची कप्तान म्हणजे घाटात अडकलेल्या ट्रकच्या मालकिणीसारखी. अंतराळ, काळ, परग्रहवासी यांच्याशी तिला कर्तव्य नाही, उशीर का होतोय ते सांगा. सायबरमन समोर आले तरी तिचा वैताग भीतीच्या आधी येतो. गंभीर विज्ञानकथा अपेक्षिणाऱ्यांना हे विजोड वाटणं साहजिक आहे. पण या जहाजावर माणसं काम करतात, पगार घेतात, कंटाळतात, असं वाटतं ते केवळ त्यांच्यामुळे. त्यांच्या शेजारी जून ब्लँड यांनी केलेली बर्गर ही अधिकारी कमी बोलते, आणि कप्तानाच्या हेकटपणाला नुसत्या नजरेने दिलेली तिची उत्तरं पाहण्यासारखी आहेत.

डॉक्टरच्या सोबत्यांतली टीगन झालेल्या जॅनेट फील्डिंग यांना लेखकाने बंदूक देऊन सैनिकांबरोबर पाठवलं आहे. विमानात हवाई सुंदरी व्हायला निघालेली ऑस्ट्रेलियन तरुणी सैनिकाचा डगला घालून का निघते, याला आधार पुसट आहे. फील्डिंग ती घाबरलेली आणि हट्टी अशी एकाच वेळी ठेवतात, म्हणून चालून जातं. जेम्स वॉरिक यांचा लेफ्टनंट स्कॉट आणि क्लेअर क्लिफर्ड यांची काइल यांना त्याहून कमी मिळालं आहे. काइल शेवटच्या भागात टार्डिसमध्ये मारली जाते आणि कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहतही नाही. तिथे क्लिफर्ड काही करू शकत नाहीत. दिग्दर्शकानेही केलेलं नाही.

एड्रिकचा शेवट हा या गोष्टीचा गाभा. एड्रिक झालेले मॅथ्यू वॉटरहाउस मालिकेत आले तेव्हा अठरा वर्षांचे होते, अनुभव तुटपुंजा. त्यांचा अवघडलेपणा अनेक भागांत खटकतो आणि एड्रिक प्रेक्षकांचा फारसा लाडका नव्हता. शेवटच्या भागात जहाजातून सुटणाऱ्या यानाचं दार बंद होताना तो बाहेर उडी घेतो आणि पुन्हा कुलुपांकडे जातो. एक कुलूप राहतं. तेवढ्यात मरणारा एक सायबरमन यंत्रावर गोळी झाडतो. आता उत्तर बरोबर होतं का, हे त्याला कधीच कळणार नाही. मृत भावाचा दोरीचा पट्टा हातात धरून तो पडद्यावर जवळ येणाऱ्या पृथ्वीकडे पाहतो. इथे वॉटरहाउस काहीच करत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. गणितात रमलेला मुलगा मरणापेक्षा न सुटलेल्या गणिताने खट्टू होतो, ही सेवर्ड यांच्या लेखनातली खरोखर चांगली जागा. नटाच्या अवघडलेपणाने ती आणखी खरी होते.

तिकडे टार्डिसमध्ये डॉक्टर सायबरमनांच्या सेनापतीला मारतो. सोनं सायबरमनांच्या श्वसनयंत्रणेला घातक असतं, हे १९७५ च्या गोष्टीत ठरलेलं होतं. एड्रिकला गणितातल्या प्रावीण्यासाठी मिळालेल्या बिल्ल्याला सोन्याची कड आहे. डॉक्टर तो बिल्ला सेनापतीच्या छातीवरच्या जाळीत चिरडतो आणि मग त्याच्याच बंदुकीने गोळ्या घालतो. झटापटीत यानाचं नियंत्रण मोडतं, म्हणून एड्रिकला आणायला जाता येत नाही. पडद्यावर स्फोट दिसतो. टीगन आणि निसा रडतात. निसा झालेल्या आणि चारही भाग कोपऱ्यात बसवलेल्या सारा सटन यांना खरं काम मिळतं ते या काही सेकंदांत. डेव्हिसन फक्त पाहत राहतात. मग श्रेयनामावली सुरू होते आणि मालिकेचं ते सर्वांच्या ओळखीचं संगीत वाजतच नाही. काळ्या पडद्यावर फुटका बिल्ला आणि त्यावरून सरकणारी नावं, संपूर्ण शांततेत. १९६५-६६ च्या 'द दालेक्स मास्टर प्लॅन'नंतर डॉक्टरचा कुणी सोबती असा मेला नव्हता.

इतकं असूनही संहितेच्या फटी बुजल्या, असं म्हणता येत नाही. त्या झाकल्या गेल्या. मूळ प्रक्षेपणात सोमवार-मंगळवार असे दोन भाग आणि मग सहा दिवसांचं अंतर होतं; उत्सुकतेच्या त्या आठवड्यात प्रश्न विचारायला कुणाला सवड होती? चारही भाग एका बैठकीत पाहणाऱ्याला तिसऱ्या भागातली ढिलाई लगेच कळते. जहाजाच्या गोदामातल्या चकमकी एकसारख्या आहेत, आणि तिथे दिग्दर्शकालाही नवं काही सुचलेलं नाही. दार घट्ट करायला डॉक्टर प्रतिद्रव्याचा जो उपाय करतो, तो विज्ञान म्हणून तर जाऊ द्या, जादू म्हणूनही पटत नाही. त्यातून दारात अर्धवट रुतून बसलेल्या सायबरमनाचं जे चित्र मिळतं, ते मात्र विसरत नाही. या गोष्टीची अनेक बलस्थानं अशीच आहेत: कारण फुसकं, चित्र पक्कं.

उलट बाजूचा पुरावा लगेच पुढच्या आठवड्यात मिळाला. २२ मार्चपासून हंगामातली शेवटची गोष्ट 'टाइम-फ्लाइट' सुरू झाली. नट तेच, निर्माता तोच. लेखक होते खुद्द पीटर ग्रिमवेड, आणि दिग्दर्शक रॉन जोन्स. कॉनकॉर्ड विमान प्रागैतिहासिक काळात ओढलं जातं, अशी ही कथा. हीथ्रो विमानतळावर खऱ्या कॉनकॉर्डसमवेत चित्रीकरण करायला मिळालं, पण कोट्यवधी वर्षांपूर्वीची पृथ्वी स्टुडिओत उभी करावी लागली आणि हंगामाच्या अखेरीस पैसे संपत आले होते. सपाट उजेडात पसरलेलं ते पठार कुणालाही स्टुडिओच वाटतं. एड्रिकचा शोक पहिल्या काही मिनिटांत आटोपला जातो. डेव्हिसन इथेही जीव ओतून काम करतात आणि तरी काही उभं राहत नाही, कारण त्यांच्या धावण्याला कॅमेऱ्याची साथ नाही. ग्रिमवेड यांच्यासारखा कुणी दिग्दर्शक ग्रिमवेड यांच्या संहितेला मिळाला नाही.

'टाइम-फ्लाइट'नंतर ग्रिमवेड यांनी या मालिकेसाठी आणखी दोन गोष्टी लिहिल्या, दिग्दर्शन मात्र पुन्हा झालं नाही. सेवर्ड यांनी लिहिलेली दालेक या खलजातीची एक गोष्ट ते करणार होते. संपामुळे ती रद्द झाली आणि १९८४ च्या फेब्रुवारीत 'रेसरेक्शन ऑफ द दालेक्स' या नावाने आली ती मॅथ्यू रॉबिन्सन यांच्या दिग्दर्शनाखाली. तिची संहिताही त्याच वळणाची. एकमेकांत गुंतलेले तीन-चार डाव, नावापुरती पात्रं आणि मढ्यांचा खच. रॉबिन्सन यांनी ती टेम्सकाठच्या जुन्या गोदामांच्या गल्ल्यांत चित्रित करून तोलून धरली. शेवटी एवढे मृत्यू पाहून टीगन डॉक्टरला सोडून जायचं ठरवते. या निर्णयाची तयारी पटकथेत जवळजवळ नाही. दोन-चार वाक्यं आहेत, बस. जॅनेट फील्डिंग ती अडखळत म्हणतात, डॉक्टरकडे न बघता हात पुढे करतात आणि गोदामातून पळत सुटतात. डेव्हिसन यांचा चेहरा दुखावलेला. टार्डिस निघून जाते, आणि मग टीगन धावत परत येते. गोदामात तेव्हा कुणीच नसतं.